गुणाबाईची एकेरी बोट

समीक्षाचा फोन आला तेव्हा गुणाबाई घरामागच्या खडकावर चिंचा फोडत बसली होती. खडकावर होती म्हणूनच तो लागला, कारण वैशाखरे गावात तिच्या मोबाइलला रेंज फक्त तिथंच मिळायची.

"काकी, बोटीनं जातेस का?"

"कुठं? एलिफंटाला?"

"मलेशियाला."

समीक्षा म्हणजे तिच्या पुतण्याची, सूरजची बायको. दोघं वाशिंदला राहायची, आणि समीक्षा कल्याणला एका ट्रॅव्हलच्या ऑफिसात कामाला होती. तिनं सगळं समजावून सांगितलं. मुंबईचा मोसम संपला की मोठमोठी जहाजं दुसऱ्या समुद्रात जायला निघतात. जाताना रिकामं कशाला जायचं, म्हणून उरलेल्या खोल्या ऐन वेळी मातीमोल भावात काढतात. पण बोट जाते ती जातेच, परत येत नाही. परतायचं ते आपलं आपण.

"आन् निगायचं कवा?"

"परवा. म्हणून तर स्वस्त आहे. परवा निघू शकेल असं माणूस सापडतंय कुठे? सगळ्यांना रजा, परीक्षा, नवरे. तुझा पासपोर्ट आहे, तिथं सध्या व्हिसा लागत नाय, आणि तुला कुणाला विचारायचं नाय."

पासपोर्टचं खरं होतं. बचत गटाच्या बायकांनी मागं दुबईला जायचं ठरवलं होतं. गुणाबाईनं पासपोर्ट काढला आणि बाकीच्या ठरवून ठरवूनच दमल्या. तेव्हापासून तो तांदळाच्या कोठीत पडून होता. कुणाला विचारायचं नाही, हेही खरं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, शेत अर्धेलीनं दुसऱ्याला कसायला दिलेलं. हे कुणी बोललं की गुणाबाईला वाईट वाटायचं. आज पहिल्यांदा ते कुणीतरी फायद्याचं म्हणून सांगत होतं.

"जाते," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ हातातली एकच चिंच फोडत राहिली.

शेजारचा धाऊ, तिचा दीर आणि सूरजचा बाप, बातमी घेऊन एसटी स्टँडावर गेला. त्यानं सांगितलं ते अगदी खरं सांगितलं, "वैनीचं जायचं तिकीट हाय, यायचं नाय." चहाच्या टपरीवरून ती बातमी पुढं सरकली तेव्हा गुणाबाई कायमची चालली होती. पिठाच्या गिरणीपर्यंत पोचली तेव्हा तिनं तिकडं घर घेतलं होतं. अंधार पडेपर्यंत तिकडच्या एका म्हाताऱ्याशी तिचं जमलंही होतं.

दुसऱ्या दिवशी दारात रीघ लागली. कुणी नारळ दिला, कुणी खण दिला, कुणी नेलेली परात आणून दिली. शेवटी आली सकुबाई, धाऊची बायको. दोघी जावांचं अंगण एक, पण सूरजच्या लग्नापासून एकमेकींशी बोलणं बंद. हळदीला सकुबाईनं वडे केले होते, आणि कसे झालेत असं पाहुण्यांनी विचारल्यावर गुणाबाई म्हणाली होती, "बरे हायत." एवढंच. सकुबाईला तो 'बरे' आजवर पचला नव्हता.

आता ती सुकटीच्या चटणीची पुडी पुढं करून हमसाहमशी रडायला लागली. "बाय, चुकलंमाकलं पोटात घाल गो. तुज्याबिगर हे अंगन खायला उठंल."

"सकू, महिन्याभरात येनार हाय मी."

"असंच म्हनतात सगले!"

गुणाबाई पुन्हा सांगणार होती. पण सकुबाई इतकं मनापासून रडत होती, आणि आपल्यासाठी कुणी असं रडल्याला इतकी वर्षं झाली होती, की तिला ते मोडवेना. उलट तिनंही थोडं रडून घेतलं.

मुंबईच्या बंदरात सामान तपासणाऱ्यानं चटणीची पुडी उघडली, हुंगली, आणि असलं आत नेता येत नाही म्हणून बाजूला ठेवली. त्यानं ती फेकली नसणार, जेवताना काढली असणार, अशी गुणाबाईची आजही खात्री आहे.

जहाज मुरबाडच्या बाजारपेठेपेक्षा मोठं होतं. पहिल्या दिवशी ती स्वतःची खोली शोधताना चुकून दुसऱ्याच मजल्यावरच्या नाचाच्या वर्गात शिरली, आणि बाहेर पडायची लाज वाटली म्हणून शेवटपर्यंत नाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेकवर आली. चारी बाजूंना पाणीच पाणी, आणि त्यात एकही बांध नाही. इथून पुढं कुणाचं, तिथून कुणाचं, काहीच कळेना. ती खुर्चीचा दांडा धरून डोळे मिटून बसली.

शेजारच्या खुर्चीतल्या गोऱ्या म्हातारीनं, हिला बोट लागली असं समजून, तिच्या हातात आल्याची गोळी ठेवली. तिचं नाव मग्दा. सत्तरी ओलांडलेली, पांढरे केस पोरासारखे कापलेले. गुणाबाईचं इंग्रजी चार शब्दांचं, आणि मग्दाचं मराठी शून्य, म्हणून गप्पा छान रंगल्या.

"हाऊस?" गुणाबाईनं विचारलं.

"नो हाऊस," मग्दा हसून म्हणाली, आणि पायाखालच्या डेकवर चप्पल आपटली. हातवाऱ्यांतून कळलं ते असं, की घर विकून ती अशीच फिरत होती. जिथं बोट सोडेल तिथं उतरायचं, पुढं कुठली बोट स्वस्तात निघते ते बघायचं, तिकडं जायचं. उलट दिशेची मिळाली तर उलट.

घर नाही ऐकून गुणाबाईला तिची कीव आली. जेवताना तिनं आपले दोन्ही गुलाबजाम तिच्या ताटात घातले. मग गुणाबाईनं फोनमध्ये आपलं घर, अंगण, खाचरं दाखवली. या सगळ्यासाठी हिला परत जावं लागतं हे कळल्यावर मग्दाच्या डोळ्यांत तशीच कीव दाटली, आणि तिनं गुणाबाईला आपलं आइस्क्रीम दिलं.

मलेशियाच्या बंदरात दोघी उतरल्या. मग्दाला जपानकडे जाणारी बोट मिळाली होती. तिनं गुणाबाईला घट्ट मिठी मारली आणि मागं न बघता गेली. आणि समीक्षाचा फोन आला, "काकी, विमानं भयंकर महागलीत. थोडे दिवस थांब, मी बघते."

आयुष्यात पहिल्यांदा गुणाबाई अशा गावात होती, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. पहिला दिवस ती समीक्षानं बघून दिलेल्या लॉजच्या खोलीतच बसली. दुसऱ्या दिवशी भुकेनं बाहेर काढलं. कोपऱ्यावर एका तमिळ बाईची खाणावळ होती, केळीच्या पानावर भात वाढायची. त्या भातानं धीर आला. तिसऱ्या दिवशी ती समोर आलेल्या बसमध्ये नुसतीच चढली. गावं मागं पडली, आणि खिडकीबाहेर एकदम हिरवंगार भात दिसलं, डोंगर नाही, उतार नाही, नजर जाईल तिथवर भात.

"थांबव रे!" ती मराठीतच ओरडली. ड्रायव्हरला शब्द कळला नाही, पण आवाज कळला. त्यानं बस थांबवली.

बांधावरून ती आत गेली, वाकली, आणि भाताचं एक ताट दोन बोटांत धरून दाबून बघितलं. भात पोटरीत होतं, लोंब्या अजून ताटाच्या पोटात, आठवड्याभरात निसवून बाहेर आल्या असत्या. पलीकडून डोक्याला फडकं बांधलेली एक बाई आली. गुणाबाईनं ताटाकडे बोट दाखवून मान डोलावली. त्या बाईनं खाली वाकून दुसरं ताट दाबलं, आणि ओठ मुडपून मान हलवली, म्हणजे यंदा तेवढं खास नाही. शेतकऱ्याची बाई दुसरं काय सांगणार! गुणाबाईला इतकं हसू आलं की तिला तिथंच बांधावर बसावं लागलं. ती बाईही हसत शेजारी बसली.

विमान अखेरपर्यंत स्वस्त झालंच नाही. पण युरोपात चाललेली एक बोट वाटेत कोचीला थांबणार होती, आणि तिच्यात एक खोली उरली होती. "परवा निघते," समीक्षा भीतभीत म्हणाली.

"परवा कशाला, उंद्या असंल तर बघ," गुणाबाई म्हणाली.

कोचीहून रेल्वेनं कल्याण, कल्याणहून एसटी. वैशाखऱ्याला उतरली तेव्हा स्टँडावरची माणसं भूत बघावं तशी उठली. घरी आली तर तिच्या ओट्यावर धाऊची लाकडं रचलेली, आणि दोरीवर सकुबाईची लुगडी.

सकुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "परत आलीस?"

"सांगलं होतं ना, येनार म्हनून."

"मग आमी रडलो त्याचं काय?" सकुबाई कडाडली. "सगल्या गावासमोर रडले मी! दोन दिस जेवले नाय!"

लुगडी ओढून काढत ती घरात गेली आणि दार लोटलं. झालं, परत अबोला, असं म्हणून गुणाबाईनं लाकडं हलवायला घेतली. तेवढ्यात दार उघडलं. सकुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो दाणकन् ओट्यावर ठेवला, आणि बाजूला बसली.

"भ्या वाटलं का गो?"

"वाटलं. लय वाटलं."

"आन् मग?"

मग गुणाबाई सांगत बसली. ऊन उतरलं तरी दोघी तिथंच. धाऊ दोनदा चहा मागून गेला, तिसऱ्यांदा त्याचा त्यानं केला.

त्याच महिन्यात सकुबाईनं पासपोर्टला अर्ज टाकला. चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, "कुठल्या देशात जायचंय, मावशी?"

"ते अजून बोटीनं ठरवलं नाय," सकुबाई म्हणाली.

धाऊनं ते ऐकलं. तो उठला, चुलीपाशी गेला, आणि तांदळाच्या डब्याचं झाकण काढून आत बघत उभा राहिला. जरा वेळानं त्यानं गुणाबाईला हाक मारली.

"वैनी, दोन वाट्या तांदलाला पानी किती घालायचं ओ?"