वीस किलो दगडी कोळसा

माझ्या मुलाने, रॉयस्टनने, ईस्टरच्या सोमवारी अख्ख्या गावासमोर माझ्या पाठीवर खोटं ओझं चढवलं. पन्नाशीला आलेला माणूस, पण लबाडीही धड जमत नाही.

आमच्या यॉर्कशरच्या गावात त्या दिवशी कोळशाची शर्यत असते. पोतं पाठीवर घ्यायचं आणि पबपासून चर्चपर्यंत चढ चढायचा. बायकांना वीस किलो. पोतं वाटेत जमिनीला टेकलं की बाद. खाण बंद पडून जमाना झाला, शर्यत काही थांबली नाही.

यंदा मी नाव दिलं. वय एकाहत्तर. विल्फ्रेड, माझा नवरा, तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, तेव्हापासून मी दर बुधवारी चर्चमागच्या खोलीत जाते. कॅन्सरने ज्यांचं माणूस नेलं ते तिथे बसतात. कुणी शहाणपण शिकवत नाही. चहा देतात, रडायचं तर रडू देतात. मी शिव्या दिल्या, त्याही ऐकून घेतल्या. पैशाअभावी ती खोली उन्हाळ्यात बंद होणार म्हणाले. मी जिवंत असताना? घरोघर फिरले. खाटकापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांनी पैसे कबूल केले. अट एकच, वीस किलो वर पोचले पाहिजेत.

रॉयस्टन त्या खोलीत एकदाही आला नाही. “मला काय झालंय?” म्हणतो.

त्या दिवशी काट्यावर तोच होता. माझं पोतं त्याने काट्यावर टेकवल्यासारखं केलं आणि पाठीवर चढवलं. शिट्टी व्हायची होती. मी रेषेकडे दोन पावलं टाकली आणि थांबले. दगडी कोळसा पाठीत रुततो. हे पोतं हलकं होतं आणि खुळखुळत होतं. चाळीस वर्षं खाणीचा कोळसा आमच्या दारात ओतला जायचा आणि मी तो आत वाहायचे. मला फसवतोय!

पोतं आपटलं, तोंड सोडलं. आत लोणारी कोळसा! अंगणात सॉसेज भाजतात तो.

“काय रे हे?”

“आई, हळू. लोक बघतायत.”

“बघू देत. खरा भर.”

“वाटेत पडलीस म्हणजे?”

“पडले तर चर्च जवळच आहे. भर!”

खाटीक ओरडला, “काकू, सॉसेज किती आणू?”

“तू पैसे आण, मेल्या!”

रॉयस्टनने भरलं. वजन मी त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं.

शिट्टी झाली. सगळ्या बायका पुढे गेल्या. वळणावर थांबले. पोतं पाठीवरच ठेवून भिंतीला टेकले. रॉयस्टन शेजारून चालत होता, हात पुढे धरून, पण शिवत नव्हता.

“आई, पुरे गं. बाबा गेले, आता तू पण...”

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ‘बाबा गेले’ ऐकलं. मी भिंत सोडली आणि चालू लागले.

सगळ्यांत शेवटी पोचले. पोतं चर्चच्या पायरीवर टाकलं, पायरी काळी झाली.

श्वास आला तशी रॉयस्टनकडे वळले.

“तू लबाड नाहीस, भित्रा आहेस. त्या खोलीत सगळे भित्रेच येतात, मीसुद्धा. बुधवारी पाच वाजता दाढी करून ये. आणि हे पोतं उचल आता, घरी न्यायचंय.”