गच्चीवरचा सीन

दिग्दर्शकाला मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "त्या दोघींचं प्रेम ठेवणार ना?"

त्याने छातीवर हात ठेवला. "ताई, त्याच्यासाठीच तर सिनेमा करतोय."

छातीवर हात ठेवणाऱ्याचा दुसरा हात कुठे आहे ते आधी बघावं. मी नाही बघितलं.

माझी कादंबरी किशोरांसाठी. शाळेतल्या दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात, बस. कुणी जीव देत नाही, कुणाला डॉक्टरकडे ओढत नेत नाहीत. माझ्या भाचीने ती वाचली आणि स्वतःबद्दल पहिल्यांदा मला सांगितलं. आईला सांगायची हिंमत होईना. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आमची ताई, पुस्तक उघडलं की पेंगते, पण सिनेमा शेवटच्या नावापर्यंत बघते. म्हणून भाचीने ठरवलं, आईला सिनेमा दाखवायचा. "जे सांगायचं ते पडदा सांगेल मावशी. मी फक्त म्हणेन, मीपण तशीच."

शूटिंग संपल्यावर कळलं की दिग्दर्शकाने सगळं प्रेम एकाच सीनमध्ये कोंबलंय. भर दुपारी, गच्चीवर. त्याचा उल्लेख मागेपुढे कुठेच नाही. "निर्माता बिथरला तर अलगद काढता येतो, कथेला धक्का नाही," तो कौतुकाने म्हणाला. "पण काढणार नाही हं. शब्द आहे माझा." मुलाखतींतून स्वतःला धाडसी म्हणवून घेणं सुरूच होतं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत.

खास खेळाला आम्ही तिघी गेलो. पडद्यावर दोघी वह्या बदलतात, गळ्यात पडतात, मैत्रीचं गाणं गातात. गच्ची आलीच नाही. शेवटी दोघींतल्या एकीला न्यायला एक मोटारसायकलवाला मात्र आला. त्याला आधीच शूट करून ठेवलं होतं, भित्र्यांची तयारी अशी पक्की असते.

"किती गोड मैत्री गं!" ताई डोळे पुसत म्हणाली. भाचीने माझा हात सोडला.

बाहेर दिग्दर्शक शुभेच्छा गोळा करत उभा होता. "फॅमिली ऑडियन्स आहे ना ताई. पण समजणाऱ्याला समजतं."

समजणाऱ्याला आधीच समजलेलं असतं. न समजलेली तिथेच उभी होती, पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत. त्या माणसाची मला शिसारी आली.

तो भाचीकडे वळला. "तू तर आमची खरी प्रेक्षक. कसा वाटला?"

"खोटा," ती म्हणाली. मग ती आईकडे वळली. "आई, त्या नुसत्या मैत्रिणी नाहीत. पुस्तकात त्यांचं प्रेम आहे. माझंपण आहे. एका मुलीवर."

दिग्दर्शकाचे डोळे चमकले. "काय बोलली! हे घ्यायलाच हवं होतं!"

इतके दिवस मी त्याला अहो-जाहो करत होते. "घेतलं होतंस," मी म्हणाले. "कापलंस. आता बाजूला हो."

ताईचा हात पर्समध्येच राहिला होता. तिने लेकीकडे बघितलं. मला वाटलं, संपलं सगळं.

"कोण ती?" तिने विचारलं.

"आपल्याकडे गणिताच्या अभ्यासाला येते ती."

"ती?" ताईने पर्स खटकन मिटली. "अगं, जेवल्यावर ताटसुद्धा उचलत नाही ती!"

"उचलेल," भाची म्हणाली. "मी सांगते तिला."