अर्ध्या उत्तराचा ॲमीटर

मित्रांनो, मी एक जुना ॲमीटर आहे. तळहाताएवढा, काळा, काचेआड बारीक काटा असलेला. तारेतून किती वीज वाहते, म्हणजे विद्युतधारा किती, एवढंच मला सांगता येतं. त्यापुढचं विचाराल तर मी गप्प.

कारखान्यात एका बाईने भिंगातून बघत माझा काटा बसवला, त्यावर हलकी फुंकर घातली आणि शेजारणीला म्हणाली की हा फार हळवा निघाला. तिथून मी एका विजेच्या दुरुस्तीच्या दुकानात आलो. दुकानातल्या काकांनी मला लाकडी फळीवर बसवलं आणि माझ्या शेजारी एक व्होल्टमीटर. आमची जोडी जमली.

इस्त्री असो, शेगडी असो, तपासायची वस्तू आली की तिच्या वाटेत मी उभा राही. सगळी धारा माझ्या अंगातून जाई. व्होल्टमीटर मात्र वस्तूच्या दोन टोकांना हात लावून विजेचा दाब बघे. काका त्याच्या आकड्याला माझ्या आकड्याने भागत, की त्या वस्तूचा रोध निघे. दोन्ही आकडे गुणले, की ती किती वॅट वीज खाते ते कळे. गिऱ्हाईक घाई करू लागलं तर काका सांगत, या दोघांचं एकमत झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

मग एकदा झाडलोट करताना फळी खाली आली. व्होल्टमीटरची काच फुटली, काटा वाकला. मला ओरखडाही आला नाही. त्याला केराच्या डब्यात टाकलं आणि मला परत भिंतीशी उभं केलं. माझ्या शेजारी फळीवर त्याच्या आकाराचं एक गोल भोक तेवढं राहिलं.

एकट्या माझ्या आकड्याचं काय करणार? पुढे काकांचे डोळे अधू झाले, दुकान त्यांची लेक बघू लागली. तिने एक पिवळा मीटर आणला. दाब, धारा, रोध, सगळं त्या एकट्यालाच येई. माझ्यावर कुणी हातरुमाल वाळत घाली, कुणी चहाचा कप टेकवी. दिवसभर माणसं येत-जात, पण माझा काटा शून्यावरून हलत नसे. मित्रांनो, शून्यावर फार दिवस उभं राहिलं की आपण बिघडलो आहोत की नुसतेच एकटे आहोत, हेही कळेनासं होतं.

एके सकाळी लेकीची वहिनी दुकानात आली. तिचं बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, नुकतंच रुग्णालयातून घरी आलेलं. खोली सतत उबदार ठेवायला सांगितलं होतं, आणि घरातली वीज तर रोज दुपारी जायची. वहिनीने ऊब देणारा एक जुना दिवा आणला होता. त्यावरची अक्षरं पुसली होती. घरातल्या इन्व्हर्टरवर, म्हणजे बॅटरीच्या डब्यावर, तो चालला नाही, तर बाळाला पुन्हा रुग्णालयात ठेवावं लागणार होतं, आईपासून लांब.

लेकीने पिवळा मीटर दिव्याला लावला. रोध आला वीस ओहम. दाब दोनशेवीस. तिने हिशेब केला आणि तिचा चेहरा उतरला. दोन हजार चारशेवीस वॅट, आणि डबा पेलणार जेमतेम सहाशे.

"नाही जमणार, वहिनी."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

काका खुर्चीतून म्हणाले, "दिवा पेटवून मोजलास?"

"नाही, गारच होता."

"मग झोपलेल्याला विचारतेयस की तू किती जोरात पळतोस. तार तापली की तिचा रोध कितीतरी वाढतो आणि धारा तेवढीच घटते, बाई. पेटव त्याला, दाब आणि धारा मोज. रोध आपोआप निघेल."

लेक कानकोंडी झाली. पिवळ्या मीटरचा धारेचा फ्यूज उडाला होता, नवा यायचा होता. मग तिची नजर भिंतीकडे गेली. तिने माझ्यावरचा रुमाल उचलला, ओढणीने काच पुसली आणि मला दिव्याच्या वाटेत जोडलं. दाब बघायला पिवळ्याला माझ्या शेजारी बसवलं.

दिवा लागला. काटा एकदम उसळला आणि सावकाश खाली येऊन स्थिरावला, एक पूर्णांक एक दशांश अँपिअरवर. दाब दोनशेवीसच. भागाकार केला तर रोध दोनशे ओहम, गुणाकार केला तर दोनशेबेचाळीस वॅट.

"पेलेल," लेक म्हणाली. तिने पुन्हा गुणून पाहिलं. "वहिनी, आरामात पेलेल."

"खरंच ना, वन्सं?" एवढंच विचारून वहिनी तिथल्या स्टुलावर बसली आणि रडू लागली.

बाळ घरीच राहिलं. पिवळ्या मीटरला नवा फ्यूज मिळाला आणि मी पुन्हा भिंतीशी आलो. थंडी सरल्यावर वहिनी बाळाला दाखवायला घेऊन आली, तेव्हा त्याने आपली इवली मूठ माझ्या काचेवर टेकवली. काटा जागचा हलला नाही. त्या मुठीतली ऊब मोजणं माझ्या हातात नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात अर्धंच उत्तर येणारी एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. तिला मोडीत काढण्यापूर्वी तिच्या शेजारी कुणाला तरी बसवून बघा.