तेहतीस धोंडे आणि दोन जावई

काचीगुड्याच्या मुकुंदरावांना ‘नाही’ म्हणता येत नसे. भाजीवाल्याने जून भेंडी पिशवीत टाकली तरी ते मुकाट घरी घेऊन येत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यात स्वतःपेक्षा दुसऱ्यांच्याच ड्यूट्या जास्त केल्या. त्यांची बायको भामा म्हणायची, “तुमच्या वाटचं ‘नाही’ मी मागून म्हणते, तुम्ही नुसते पुढे उभे राहा.” तसं त्यांचं छान चाललं होतं. गेल्या कार्तिकात आठ दिवसांच्या तापाने भामा गेली, आणि घरात ‘नाही’ म्हणणारं कुणी उरलं नाही.

त्यामुळे जेव्हा दोघी मुलींनी फोनवर सांगितलं की, बाबा, तुम्ही आता एकटं राहायचं नाही, घराला कुलूप लावायचं आणि आमच्याकडे यायचं, तेव्हा मुकुंदराव म्हणाले, “बघू.” मुलींनी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला. यात त्यांची चूक नव्हती. मुकुंदरावांचं ‘बघू’ आजवर ‘हो’च निघालं होतं. मनातून मात्र त्यांना घराचा उंबरा ओलांडायचा नव्हता.

‘आमच्याकडे’ म्हणजे नक्की कुणाकडे, हेही ठरायचं होतं. देशाची दारं उघडली, कॉम्प्युटर शिकलेली पोरं बाहेर पडली, त्यात मुकुंदरावांचे दोन्ही जावई होते. थोरल्या मीनाचा नवरा संदेश, मूळ नांदेडचा, आता कॅनडात विंडसरला. धाकट्या राणीचा नवरा गौतम, इथल्याच अंबरपेठेतला, आता अमेरिकेत डेट्रॉइटला. दोन गावांच्या मधे फक्त एक नदी. या काठावरून त्या काठावरचे दिवे दिसतात. काचीगुड्याहून अंबरपेठेला जावं तितकं अंतर, पण दोन्ही साडू एकमेकांशी अशा थाटात वागायचे की मधे सात समुद्र असावेत.

त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, अधिक ज्येष्ठ आला. लग्नानंतरचा दोघींचा पहिलाच अधिक महिना. वर्ष झालेलं नाही, सण करू नये, असं नात्यातल्यांनी सांगून पाहिलं. पण भामाच्या वहीत, दिवाळीच्या सामानाच्या यादीखाली, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘अधिक महिना. जावई बोलावणे. धोंडे ३३. कपडे.’ मुकुंदरावांनी वही नातेवाइकांसमोर ठेवली. भामाच्या अक्षरापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

मे महिन्याच्या शेवटी चौघं आले. दारातच सुरुवात झाली.

“बाप रे, मामा, काय गरम आहे. एकशे आठ असेल,” गौतम म्हणाला.

मुकुंदरावांनी घाबरून त्याच्या कपाळाला हात लावला.

“मामा, ताप नाही त्यांना,” संदेश म्हणाला. “बेचाळीस आहे. जगात सगळीकडे बेचाळीसच म्हणतात. फक्त यांच्या गावात एकशे आठ.” आणि मागे सरकताना त्याचा पाय तुळशीच्या कुंडीला लागला, तर तो कुंडीला म्हणाला, “सॉरी.”

“बघितलं?” गौतम म्हणाला. “कॅनडात हेच काम असतं लोकांना. भिंतीलासुद्धा सॉरी.”

“तुमच्याकडे माणसालासुद्धा म्हणत नाहीत.”

शेजारच्या तेलुगू बाई, भाग्यलक्ष्मीगारू, लिंबाचं सरबत घेऊन आल्या होत्या. त्यांनी मुकुंदरावांना हळूच विचारलं, “दोघांत भांडण आहे का हो?”

“नाही नाही. देश वेगळे आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून प्रचार सुरू झाला. दोघांनाही सासरा आपल्याच काठावर हवा होता. सकाळी मुकुंदराव गच्चीत दात घासत होते तर गौतम चहा घेऊन वर आला.

“मामा, साफ सांगतो. संदेशराव माणूस चांगला, पण कॅनडा नक्को. सहा महिने बर्फ. दवाखान्यात नंबर लावला की माणूस आपोआप बरा होऊन घरी येतो, मग त्याचा नंबर लागतो. आणि दूध, मामा, दूध पिशवीतून घेतात.”

“आपणही पिशवीतूनच घेतो की.”

गौतमने चहाचा कप पुढे केला. “आपली गोष्ट वेगळी. आपण काही पुढारलेला देश म्हणून मिरवत नाही.”

दुपारी संदेशने गाठलं. आवाज अगदी खाली. “सॉरी मामा, कुणाच्या मागे बोलू नये. पण तिकडे एक दिवस दवाखान्यात काढलात तर हे घर विकायला लागेल. आणि शेजाऱ्याकडे बंदूक असते.”

“कशाला?”

“दुसऱ्या शेजाऱ्याकडे असते म्हणून. आणि त्यांना जगात दोनच देश माहीत आहेत. एक अमेरिका, दुसरा बाकीचे.”

मुकुंदराव हसले. हसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कार्तिकापासून पहिल्यांदाच हसलो. मग ते रोज आपण होऊन एकेकाला विचारू लागले. “गौतमराव, कॅनडात म्हणे लोक फार शांत असतात?” “शांत नाही मामा, गोठलेले असतात.” “संदेशराव, अमेरिकेत म्हणे सगळं मोठं असतं?” “हो. आवाज तर फारच.” चहाचं आधण उकळून जायचं, इतकं ते मन लावून ऐकायचे.

शनिवारी कपडे घ्यायला सगळे सुलतान बाजारात गेले. दुकानदाराने गौतमच्या बुटांकडे पाहून विचारलं, “अमेरिका से आए क्या साब?” गौतमने छाती काढून हो म्हटलं, आणि संदेशने ताबडतोब सांगितलं, “हम कॅनडा से.”

“वोइच ना साब. अमेरिकाइच हुआ ना वो.”

संदेशने त्याला पंधरा मिनिटं समजावलं. राजधानी वेगळी, पैसा वेगळा, झेंडा वेगळा. नंतर पाठीवरच्या पिशवीवर शिवलेलं झेंड्यावरचं लाल पान दाखवलं. दुकानदाराने आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मेरा साला बी उधरिच है. अमेरिका में. दुबई के बाजू में.”

मुकुंदरावांना संदेशची दया आली. पुण्याला गेल्यावर त्यांचंही असंच व्हायचं. चांगलं मराठी बोलूनही लोक विचारायचे, ‘तुम्ही तेलुगू का?’ आणि तेही असेच पंधरा मिनिटं समजावत बसायचे. भामा असती तर तिथल्या तिथे म्हणाली असती, ‘नाही. तुम्ही?’

गौतमने मात्र पुढच्या दुकानात वेगळाच डाव टाकला. दुकानदाराने विचारायच्या आधीच खांदे पाडून म्हणाला, “कॅनडा से आए भाई. ठंड में मर रहे.” दुकानदाराने भाव उतरवला. बाहेर आल्यावर संदेश तासभर त्याच्याशी बोलला नाही. राणी आणि मीना एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. मग राणी सहज म्हणाली, “तिकडे अशा कुठे हसतो आपण, ताई? दोन महिन्यांतून एकदा भेटतो. नदी ओलांडली की यांचं युद्ध सुरू.” मुकुंदरावांनी ते ऐकून ठेवलं.

रविवारी धोंड्याचं जेवण. मुलींना स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही, असं मुकुंदरावांनी ठरवलं होतं, कारण भामानेही येऊ दिलं नसतं. पहाटे उठून डाळ शिजवली, गूळ घातला, पुरण वाटलं. भाग्यलक्ष्मीगारूंनी कणकेच्या पाऱ्या लाटून दिल्या. “आमच्यात याला वेगळं म्हणतात, पण गोड ते गोडच,” असं म्हणून त्या धोंडे उकडायला ठेवून गेल्या. मुकुंदरावांनी तीनदा मोजले. बरोबर तेहतीस.

जावई पाटावर बसले. समोर रांगोळी, दिवा, नवे कपडे. मुकुंदराव ताटात धोंडे घेऊन आले आणि अर्धे इकडे, अर्धे तिकडे वाढू लागले. सोळा, सोळा. हातात एक उरला.

“बाबा,” मीना म्हणाली, “हे काय?”

“धोंडे. तेहतीस.”

“प्रत्येक जावयाला तेहतीस असतात.”

“मग आईने वहीत एकदाच का लिहिलं?”

“तिला माहीत होतं म्हणून.”

चाळीस वर्षांत मुकुंदरावांनी धोंडे खाल्ले होते, मोजले कधीच नव्हते. शेवटी त्यांनी उरलेला धोंडा वाटीत घालून दोघांच्या मधे ठेवला.

“घ्या गौतमराव,” संदेश म्हणाला. “तुम्ही धाकटे.”

“बरं,” म्हणून गौतमने तो उचलून आपल्या ताटात ठेवला आणि त्यावर तूप ओतलं.

संदेशचा चेहरा उतरला.

“तुम्हीच म्हणालात ना घ्या म्हणून?” मीना म्हणाली.

“म्हणायचं असतं. मग समोरच्याने ‘नाही नाही, तुम्ही घ्या’ म्हणायचं असतं. थोरला जावई मी आहे.”

“असं होय,” गौतम म्हणाला. “मग पाहिजे होता तर पाहिजे म्हणायचं. तुम्हा कॅनडावाल्यांच्या मनातलं ओळखायला काय ज्योतिषी आणायचा? हा घ्या.” त्याने तुपासकट धोंडा वाटीत परत टाकला.

“आता नको.”

“मलाही नको.”

“अहो, कॅनडावाले काय, अमेरिकावाले काय,” राणी म्हणाली, “दोघांच्याही खिशात पासपोर्ट भारताचाच आहे.”

“माझा अर्ज गेलाय,” संदेश म्हणाला.

“माझाही जाणार आहे,” गौतम म्हणाला. “ते असू दे. मामा, आज सांगायचं ठरलं होतं. कुठे यायचं ठरवलंत?”

मुकुंदरावांनी घसा साफ केला. हे वाक्य त्यांनी चार दिवस चहाच्या आधणासमोर घोकलं होतं.

“मी असं केलं. कॅनडा कसा आहे ते गौतमरावांना विचारलं. अमेरिका कशी आहे ते संदेशरावांना. दोघेही भरवशाची माणसं. त्यावरून माझ्या असं लक्षात आलं की, एकीकडे मी थंडीने मरेन, दुसरीकडे बिलाने. तेव्हा दोन्ही देश माणसाने राहण्याजोगे नाहीत.”

डाव जमला असं मुकुंदरावांना वाटलं. पण झालं भलतंच.

“मामा, तसं नाही,” गौतम म्हणाला. “कॅनडा वाईट नाही. दवाखाना फुकट आहे. माणसं फार सभ्य. मी जरा वाढवून सांगितलं.”

“आणि अमेरिकेत बंदूक काही प्रत्येकाकडे नसते,” संदेश म्हणाला. “लोक मोकळे आहेत, मनाने मोठे. गाडी बंद पडली तर चौघे थांबतात. सॉरी, मीच चुकलो.”

दोन्ही साडू लग्नानंतर पहिल्यांदाच एका बाजूला झाले होते. दोन मिनिटांत त्यांनी ठरवूनही टाकलं: सहा महिने एका काठाला, सहा महिने दुसऱ्या. भांडणाच्या ज्या भिंतीला टेकून मुकुंदराव उभे होते तीच भिंत चालू लागली होती.

“उन्हाळ्यात आमच्याकडे,” गौतम म्हणाला.

“का? थंडी आमच्या गळ्यात का?”

“कारण कॅनडा वर आहे, उत्तरेला. तुम्हाला थंडीची सवय.”

“आमचं गाव तुमच्या दक्षिणेला आहे.” संदेशने रांगोळीची चिमूट घेतली आणि दिव्याशेजारी नदीचं वळण काढलं. “हे तुम्ही. हे आम्ही. खाली.”

“कॅनडा अमेरिकेच्या खाली कसा असेल?”

“तुमच्या ऑफिसच्या खिडकीतून बघा एकदा, भर दुपारी सूर्य नदीच्या कुठल्या बाजूला असतो ते.”

“ऑफिसात मी काम करतो, सूर्य बघत नाही.”

दोघेही पाटावरून उठून रांगोळीवर ओणवे झाले. बोटांनी नदी पुसली जात होती, पुन्हा काढली जात होती. मीना हसायला लागली, तिच्यामागे राणी. हसता हसता राणीचं लक्ष बापाकडे गेलं आणि ती थांबली.

“बाबा, तुम्हाला यायचंच नाही ना?”

मुकुंदरावांनी सवयीने मागे पाहिलं. मागे स्वयंपाकघर होतं, आणि ओट्यावर पुरणाचं रिकामं पातेलं.

“नाही,” ते म्हणाले.

शब्द इतका लहान होता की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. दोन्ही जावई रांगोळीवरून वर पाहू लागले.

“इथे मला तुमची आई ओरडते,” मुकुंदराव म्हणाले. “जून भेंडी आणली की ऐकू येतं. गॅस चालू राहिला की ऐकू येतं. तिकडे ती कधी आलीच नाही, तिथे मला कोण ओरडणार. पुढच्या उन्हाळ्यात दोन महिने येतो. आठ दिवस या काठाला, आठ दिवस त्या. रविवारी मात्र सगळ्यांनी एकत्र जेवायचं, आणि साडूच्या देशाला नावं ठेवील त्याचा आठवडा रद्द.”

मीनाने डोळे पुसले आणि मान हलवली. राणी म्हणाली, “आई असती तर म्हणाली असती, इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं हे ‘नाही’?”

“वा मामा,” गौतम म्हणाला. “तोंडावर साफ बोललात. पक्के अमेरिकन निघालात.”

“सॉरी, पण इतक्या अदबीने नाही कोण म्हणतं?” संदेश म्हणाला. “कॅनडियन.”

“अदब कुठे होती त्यात?”

“तुम्हाला नाही कळायची.”

त्यांचं पुन्हा सुरू झालं. वाटीतला तेहतिसावा धोंडा तुपात तसाच बसून होता, आणि दोघांपैकी कुणीही आता त्याला हात लावणार नाही हे उघड होतं. सासऱ्याने जावयाच्या धोंड्याला शिवू नये म्हणतात. मुकुंदरावांनी खाली वाकून तो उचलला आणि जावयांच्या देखत खाऊन टाकला. पुरणात वेलदोडा घालायचा राहिला होता. भामाने पहिल्या घासालाच सांगितलं असतं.