डावा पीळ

ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत शनिवारी दुपारी कातणाऱ्यांची आणि विणणाऱ्यांची बैठक भरते. खुर्च्या गोलात मांडायचं काम मोजपट्टीकडे आहे. डावरी गेल्यापासून ती एक खुर्ची कमी मांडते. तरीही तिच्या डाव्या अंगाला खुर्चीएवढी जागा मोकळी राहतेच. ती कोणी भरत नाही आणि त्या जागेबद्दल कोणी बोलतही नाही.

डावरी गेली म्हणजे मुलीकडे राहायला गेली. अर्धांगवायूच्या झटक्यात तिची डावी बाजू लुळी पडली, घर आवरून मुलीने तिला आपल्या गावी नेलं. इतकंच झालं होतं. पण बैठकीतली माणसं तिचा विषय निघाला की आवाज खाली आणत, आणि मोजपट्टीला त्याचा संताप येई.

मोजपट्टी हे नाव बैठकीतल्या टॅक्सीवाल्याने ठेवलेलं. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. निवृत्त झाली तरी नजर निवृत्त झाली नव्हती. समोरच्याच्या कॉलरची शिवण वाकडी दिसली की तिला बोलल्याशिवाय राहवत नसे. लग्न केलं नव्हतं. "केलं असतं तर नवऱ्याला पहिल्याच दिवशी नापास केलं असतं," असं डावरी म्हणायची.

डावरी नर्स होती. कातायची ती टकळीवर, डाव्या हाताने. विणायचा मात्र तिला मनस्वी कंटाळा. मोजपट्टीचं नेमकं उलट. ती कातू शकायची, नीटच कातायची, पण खरा जीव सुयांमध्ये. म्हणून दोघींची वाटणी ठरून गेली होती: कातेल डावरी, विणेल मोजपट्टी. डावरीच्या हातातली टकळी आणि तोंडाची टकळी एकाच वेगाने चालायची, आणि दोघींचं भांडणही एकच, वर्षानुवर्षं न सुटलेलं.

"तुझं सूत माझ्या सुईवर उलगडतं. पीळ ढिला असतो तुझा."

"माझा पीळ पोलादी आहे. तुझा हात ढिला."

"माझा हात? मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हात तपासले!"

"म्हणूनच स्वतःचा राहून गेला."

टॅक्सीवाला यावर मोज्याची टाच वळवता वळवता हसायचा. तो गिऱ्हाइकाची वाट बघत गाडीतच विणायचा आणि शनिवारी गाडी बंद ठेवून इथे यायचा. "भांडा, भांडा," म्हणायचा, "रेडिओला बॅटरी लागते, तुम्हाला तीही लागत नाही."

आता बैठकीत रेडिओ नव्हता.

मोजपट्टीच्या मांडीवर होता तो डावरीचा स्वेटर. इतकी वर्षं दोघींच्या हातून जे काही झालं ते कोणा ना कोणाला देण्यात गेलं. डावरीच्या अंगावर स्वतःच्या सुताचं काही नव्हतं. झटका येण्याच्या आधी तिने करड्या लोकरीचं सूत कातायला घेतलं ते खास स्वतःसाठी. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, उजवी बाही झाली. डावी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत आली आणि सूत संपलं. तोवर डावरीचा हातही संपला होता.

घर आवरताना मुलीने एक पिशवी मोजपट्टीच्या हाती दिली होती. "मावशी, हे तुम्हीच ठेवा. आई म्हणते फेकून दे, पण माझ्याच्याने होईना." पिशवीत उरलेली कच्ची लोकर होती आणि डावरीची टकळी, तिच्यावर अर्धवट गुंडाळलेला एकपदरी धागा.

"मग? कधी पुरी होणार बाही?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"सूत हवं ना."

"तुम्हाला कातता येतं की."

"येतं. पण तिच्यासारखं व्हायला हवं. कोपरापासून खाली वेगळं दिसलं तर ती पाहता क्षणी ओळखेल."

"ओळखेल तर ओळखू दे. निदान फोन करून शिव्या तरी घालेल."

मोजपट्टीने मान खाली घालून टाके मोजायला घेतले. टॅक्सीवाल्याने सहज मारलेला बाण नको तिथे लागला होता. डावरीने फोन करणं केव्हाच सोडलं होतं. मोजपट्टीने केला तर मुलगी उचलायची, मग डावरी यायची, "बरी आहे" म्हणायची आणि गप्प राहायची. बैठकीचं काही सांगायला लागलं की म्हणायची, "ते राहू दे गं." नर्स असताना तिने असे पुष्कळ हात पाहिले होते, त्यामुळे तिला खोटा धीर देण्याचीही सोय नव्हती. मागच्या वेळी तर मोजपट्टीने स्वेटरचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "एका बाहीचाच दे पाठवून. दुसरा हात तसाही पांघरुणात पडलेला असतो."

मोजपट्टीने त्याच क्षणी ठरवलं होतं की बाही पुरी करायची, आणि डावरीच्याच सुताने करायची. ती बाही झाली नाही तर डावरीच्या आणि तिच्यामध्ये बोलण्यासारखं काही उरणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

घरी तिने तयारी केली ती कारखान्यातल्यासारखी. टेबल खिडकीशी ओढलं. डावरीच्या टकळीवरचा धागा भिंगाखाली पाहिला, त्याची जाडी डोळ्यांत भरून घेतली. त्याच लोकरीचे पेळू केले आणि स्वतःच्या टकळीवर त्याच जाडीचा धागा काढला. पुन्हा पुन्हा शेजारी धरून ताडून पाहिला. रंग तोच, जाडी तीच. डोळे मिटून बोटांत धरला तरी कोणता कोणाचा ते सांगता येऊ नये. तिने स्वतःला पास केलं.

आता दोन्ही धागे एकत्र पिळायचे होते, एक डावरीचा, एक तिचा. हा तिचाच विचार, आणि तो तिला फार आवडला होता. डावरीचा धागा तसा थोडाच होता. पण एका पदराला स्वतःचा जोडला तर तो दुप्पट लांब पुरेल, आणि बाहीत दोघींचे हात राहतील. हे ती कोणाला बोलून दाखवणार नव्हती. असल्या गोष्टी बोलून दाखवणाऱ्यांतली ती नव्हती.

तिने दोन्ही टोकं टकळीला अडकवली आणि सूत दुपदरी करताना फिरवतात तशी टकळी उलटी फिरवली.

तिचा धागा सैल होत गेला, तो व्हायचाच होता. डावरीचा मात्र आवळत गेला. इतका आवळला की त्याच्या गाठीगाठी झाल्या, आणि मोजपट्टीचा धागा त्याच्याभोवती सुटलेल्या नाडीसारखा लोंबू लागला. तिला वाटलं, हात चुकला. सोडवलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच. तेव्हा चिडून तिने टकळी दुसऱ्या बाजूने फिरवली, जोरात. आता तिचा धागा आवळला, आणि डावरीचा एकेक पीळ सोडत गेला, मऊ झाला, फुगला, आणि बोटांमधून नुसता सरकून वेगळा झाला. तुटलासुद्धा नाही. तुटायला धागा असावा लागतो. हा पुन्हा लोकर झाला होता.

ती ते पुंजके हातात घेऊन बसून राहिली. मग तिने डावरीची टकळी उचलली, डाव्या हातात धरली आणि अंगठ्याने झटका दिला, डावरी द्यायची तसा. टकळी फिरली. घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

डावऱ्या हाताचा झटका उलटा पडतो. त्या सुताचा पीळच उलटा. डावरी आपलेच दोन धागे एकत्र करायची, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही. आणि मोजपट्टी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून, दुसऱ्यांच्या कॉलरी बघत, शेजारची टकळी कुठल्या बाजूने फिरते ते पाहायचं विसरली होती.

मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. विणताना सूत सुईवर टाकायचा तिचा हात उजवा. प्रत्येक टाक्याला सुताला तिच्या बाजूचा थोडा पीळ बसतो. उजवं सूत त्याने घट्ट होतं. डावं सूत उलगडतं.

ती उभी राहिली. खोलीत कोणी नव्हतं. तिने फोन लावला.

मुलीने उचलला. "मावशी, आई आत्ताच टेकली आहे."

"उठव तिला. म्हणावं, काम आहे."

बऱ्याच वेळाने डावरीचा आवाज आला. "काय गं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. तुझा टकळीवरचा धागा मी घालवला."

"घालवला म्हणजे?"

मोजपट्टीने सांगितलं. टकळीचं, पिळाचं, सुईचं. एरवी तिसऱ्या वाक्याला "राहू दे गं" म्हणणारी डावरी मधे बोलली नाही.

"थांब," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे माझा पीळ ढिला नव्हता."

"नव्हता."

"मी म्हणतच होते."

"माझा हातही ढिला नव्हता."

"ते मी तपासल्याशिवाय नाही मानणार." फोनमध्ये कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. "अगं, पण मग आपण इतकी वर्षं भांडलो कशासाठी?"

मोजपट्टीने टेबलावरचे पुंजके गोळा केले.

"पोरीला सांगितलं असतंस तरी चाललं असतं," डावरी म्हणाली. आवाज पुन्हा सपाट झाला होता. "एवढ्यासाठी उठवलंस."

"बाही राहिली आहे ना. आता सूत कुठून आणू?"

"काढ टकळी डाव्या हाताने. तुझा तरी चालतोय." आणि फोन मुलीकडे गेला.

मोजपट्टीने टकळी डाव्या हाताने चालवायला घेतली. पहिल्या दिवशी टकळी जमिनीवर लोळली. दुसऱ्या दिवशी धागा निघाला तो गांडुळासारखा, मधेच जाड, मधेच केसाएवढा. उजव्या हाताने टकळी उलट फिरवूनही तोच पीळ बसला असता. तेवढं तिला कळत होतं. पण डावरी डाव्या हाताने म्हणाली होती. शनिवारी तिने टकळी बैठकीत नेली. टॅक्सीवाल्याने धाग्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"हे कारखान्यात आलं असतं तर?"

"शिवणाऱ्याला घरी पाठवलं असतं."

"आणि आता?"

"आता शिवणारी घरीच असते," मोजपट्टी म्हणाली. सगळे हसले. तिने उलट्या पिळाची गोष्ट त्यांना सांगितली, अगदी सविस्तर, टकळी दाखवून. "अरेच्चा," कोणीतरी म्हणालं. "गंमतच आहे." मग बोलणं खोलीच्या भाड्याकडे वळलं. तिला वाटलं होतं, कोणीतरी ताडकन उठेल. पण ज्यांच्यामध्ये ते भांडण होतं त्यांच्याशिवाय इतरांना त्याचं काय? ती डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे टकळी सोडून कातत राहिली. तिथे कोणाच्या गुडघ्याला ती लागण्याची भीती नव्हती.

थंडी सरायच्या आधी बाही झाली. कोपरापर्यंत डावरीचं सूत, कोपराखाली तिचं. फरक आंधळ्यालाही दिसला असता. तिने एकही टाका उसवला नाही. स्वेटर घडी घालून पार्सलने पाठवला आणि वाट बघू लागली.

फोन आला तो एका दुपारी, ती एकटी चहा घेत असताना. यावेळी डावरीने स्वतः लावला होता.

"मिळाला," ती म्हणाली. "घातलाय. पोरीने हात आत सरकवला."

"बसला?"

"बसला." लोकर घासल्याचा आवाज आला. ती बहुधा फोन मांडीवर ठेवून उजव्या हाताने डावी बाही चाचपत असावी. "कोपराखाली ढिली आहे गं."

मोजपट्टीच्या तोंडून आपोआप निघालं, "पीळ ढिला असेल..."

आणि ती थांबली.

"कोणाचा?" डावरीने विचारलं.

मोजपट्टीने कप खाली ठेवला. पलीकडे डावरी हसायला लागली. पहिल्यांदा हलकेच, मग खोकला येईपर्यंत. झटक्यानंतर मोजपट्टीने तिचं हसणं ऐकलं नव्हतं. एका बाजूने येत होतं ते, तोंड नीट मिटत नसल्यासारखं. "पीळ तुझा," ती खोकल्यातून म्हणाली, "हातही तुझा. आता घाल शिव्या स्वतःलाच."

"तू घाल ना."

"मी दमले बाई. शनिवारी फोनवर घालते." मग मुलीचा आवाज आला, "मावशी, तिला झोपवते हं," आणि फोन बंद झाला.

चहा गार झाला होता. मोजपट्टीने तो तसाच प्यायला. मग पिशवीतून तिने लोकरीचा पेळू काढला आणि डावरीची टकळी डाव्या हातात धरली. शनिवारला अजून अवकाश होता, आणि तोवर ढिलाईचा आळ घालायला या खोलीत तिच्याखेरीज कोणी नव्हतं. तिने अंगठ्याने झटका दिला. धागा जाड आला.

"ढिला," ती मोठ्याने म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा झटका दिला.