इसापबाबाची खोळ

कुरकुंभच्या माळावर इसापबाबाचं ठाणं होतं. बाबा कुठला, कुणाचा, हे वाडीत कुणी कधी विचारलं नाही. खरं म्हणजे तो गोरा बिशप. दीडशे वर्षांमागच्या दुष्काळात टाकून दिलेली पोरं गोळा करायचा, त्यांना पेज पाजायचा. त्यातच पटकी झाली, मेला आणि तिथंच, दगावलेल्या पोरांशेजारी पुरला. लोकांच्या तोंडी बिशपचा इसाप झाला, पुढं बाबा झाला, आणि तान्ह्या पोरांचा राखणदार म्हणून त्याच्या दगडाला शेंदराचा टिळा लागला. वाडीतलं तान्हं मूल दगावलं की बाबाच्या पायाशी पुरायचं, हा रिवाजच पडला.

रतनबाईची चिमी तिथंच होती, चाळीस दिवसांची. तिला जाऊन तेहतीस वर्षं झाली, पण रतनबाईनं एक अमावास्या चुकवली नाही. तेलात कालवलेला शेंदूर दगडाला थापायचा आणि म्हणायचं, "बाबा, पोरीवर ध्यान ठेव."

"अगं, किती थापशील? गुदमरंल त्यो," नवरा ज्ञानू म्हणायचा.

"तुमी मेंढरं बघा," ती म्हणायची.

मग माळ कारखान्याला गेला. पुण्याच्या चर्चकडून सत्यजीत नावाचा माणूस कागद घेऊन आला. बिशपच्या अस्थी आणि दगड पुण्याच्या कबरस्तानात न्यायचे ठरले होते. पोरांचं काय ठरलं होतं? काहीच नाही. त्यांच्यावर ना दगड ना नाव, सरकारी नकाशात ती कुठून असणार?

रतनबाईनं त्याच्यापुढं पदर पसरला. "बाबाला हलवू नका. त्यो हाय तवर तितं कुणी कुदळ मारनार न्हाई. माजी लेक हाय तितं."

सत्यजीत माणूस बरा होता. खाली बसून बोलला. "आजी, मरणाऱ्यानं तशी इच्छा लिहून ठेवली असती, तर आमच्या कमिटीनं हात लावला नसता. कारखान्यालाही ही जागा सोडावी लागली असती. मी जुनी दप्तरं सगळी पाहिली. तसं कुठंच लिहिलेलं नाही."

पंधरा दिवसांनी कबर उघडली. थोडी हाडं आणि एक पितळी बटण निघालं. ते पेटीत ठेवून सत्यजीतनं प्रार्थना म्हटली, पेटीला खिळे ठोकले. जागेचा ताबा सकाळीच कारखान्याला दिला होता. जेसीबी चालू होऊन उभा होता. मजुरांनी टेम्पोत चढवायला दगड उचलला, तो कलला, आणि शेंदराची खोळ एकसंध खाली पडली. चार बोटं जाड होती.

वर बिशपचं नाव होतं, ते सगळ्यांना दिसायचंच. खाली आणखी दोन इंग्रजी ओळी निघाल्या. सत्यजीतनं त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि रुमालानं तोंड पुसत राहिला.

"काय लिवलंय?" रतनबाईनं विचारलं.

"काही नाही, आजी."

"सांग की, बाबा."

त्याची नजर वर होईना. "लिहिलंय, या लेकरांपासून मला हलवू नका."

रतनबाईला आधी नीट कळलंच नाही. मग तिनं पेटीकडं पाहिलं, जेसीबीकडं पाहिलं. "आन् तू हे आदी का न्हाई वाचलंस?"

"वर शेंदूर होता. म्हटलं, तुमचा देव, खरवडायचा कसा."

त्यानं पुण्याला फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलला आणि मान हलवत परत आला. "ताबा दिला, आजी, आता परत घेता येत नाही." टेम्पो निघून गेला. रतनबाई खोळ मांडीवर घेऊन खाली बसली. कडेला एकावर एक पापुद्रे दिसत होते. सगळ्यात आतला काळा पडला होता, तो चिमी गेली त्या साली तिनंच लावलेला.

ज्ञानू जवळ आला. "चल घरला."

"सांगत हुता वं त्यो," रतनबाई म्हणाली. "आन् म्याच त्याच्या तोंडावर थापत बसले."