शेवटचं घर

ठिपक्याच्या टेबलाचा खालचा खण अडकला होता. सुरकुत्याने गुडघा टेकून दोन्ही हातांनी हिसका दिला, तसा खण एकदम बाहेर आला आणि आतल्या पेन्सिली फरशीवर घरंगळत गेल्या. सगळ्या करंगळीएवढ्या आखूड. काही तर चिमटीतही नीट धरता येणार नाहीत अशा.

"राहू दे, मी वेचते," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्याच.

"अहो काकू, तुम्ही कशाला..."

"लहानपणापासून त्याची हीच खोड. पार संपेपर्यंत टाकायची नाही." त्यांनी एकेक पेन्सिल उचलून रुमालात बांधली. एक टेबलाच्या पायामागे गेली होती, तीही हात घालून काढली.

काकू म्हणजे ठिपक्याच्या आई. पाच आठवड्यांपूर्वी ठिपक्या ऑफिसातून निघाला, बसस्टॉपवर उभ्याउभ्याच कोसळला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय चौतीस. आज काकू त्याच्या वस्तू न्यायला चार तासांचा प्रवास करून आल्या होत्या.

ठिपक्या हे ऑफिसातलं नाव. इथे व्हिडिओ गेम बनत, आणि तो गेममधल्या माणसांना डोळ्यांच्या जागी दोन ठिपके देई. बस्स. नाक नाही, तोंड नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्याचं काम नेमकं उलटं होतं. नखांतला मळ, त्वचेवरची छिद्रं, म्हातारीच्या गालावरची एकेक रेघ तो तासन्‌तास बसून कोरायचा. म्हणून ठिपक्यानेच त्याला सुरकुत्या हे नाव दिलं होतं. सहा वर्षं दोघांनी एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवली. आज खण रिकामा करायला सुरकुत्याच पुढे झाला. दुसऱ्या कोणाला त्याने टेबलाला हात लावू दिला नव्हता.

काकू मुलाच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची त्यांना उंच होत होती. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते.

"तो इथे नेमकं काय करायचा रे? फोनवर विचारलं की म्हणायचा, चित्रं काढतो. अरे, चित्रं काढायला कोणी ऑफिसात बसवतं का, म्हटलं की नुसता हसायचा. मला एकदा दाखवशील?"

सुरकुत्याचा हात माऊसवर गेला आणि तिथेच थांबला. गेम एकच होता, पण त्याची दोन रूपं होती. त्याने जुनं उघडलं.

पडद्यावर पिवळट माळ आला. त्यावरून एक पत्रवाला चालत निघाला: लांबट अंग, पाठीला झोळी, तोंडावर दोन ठिपके. पोस्टात वर्षानुवर्षं पडून राहिलेली पत्रं तो घरोघरी पोचवत जाणार होता. सगळ्या गेममध्ये रंग मोजून पाच.

"तोंड का नाही त्याला?"

"तो म्हणायचा, खेळणाऱ्याने आपापलं घालावं."

काकू हसल्या नाहीत, नुसती मान डोलावली. सुरकुत्याने त्यांना बाणाच्या कळा दाखवल्या. त्या एका बोटाने, जपून, पत्रवाल्याला चालवू लागल्या.

सुरकुत्या खिडकीबाहेर बघत राहिला. तीन वर्षं ठिपक्याने या माळावर काढली होती. मग वरून निरोप आला, की असले कागदी बाहुले आता चालत नाहीत, सगळं खऱ्यासारखं हवं. मीटिंगमध्ये ठिपक्या एकटा पडला. तो म्हणाला, "घराचा एकेक खिळा दाखवशील तू, पण घरी आल्यासारखं वाटेल का?" आणि सुरकुत्याने अकरा जणांसमोर उत्तर दिलं, "तुला चेहरे जमत नाहीत, म्हणून तू ठिपके देतोस." कोणीतरी हसलं. ठिपक्याने वही मिटली. त्यानंतर तो गेला तोवर, सोळा दिवस, शेजारी बसून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"अगबाई," काकू म्हणाल्या.

पत्रवाला शेवटच्या घरी पोचला होता. आत शिलाई मशीनवर एक बाई बसलेली होती. चार रेघांची बाई.

"ही मी आहे."

सुरकुत्या जवळ सरकला. त्या बाईला त्याने शंभर वेळा पाहिलं होतं. "कशावरून काकू? चेहराच नाही तिला."

"मान बघ ना. मशीनवर बसले की माझी मान अशी डावीकडे कलते. चाळीस वर्षं कपडे शिवतेय, आता सरळच होत नाही ती." त्यांनी पडद्याला बोट लावलं आणि काच घाण होईल म्हणून लगेच मागे घेतलं. "मला वाटायचं, याचं लक्षच नसतं घरात."

बराच वेळ त्या तिथेच थांबल्या. पत्रवालाही दारात उभा राहिला.

"लोकांना असाच मिळणार ना हा खेळ?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. सुरकुत्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"नाही काकू. तो बदललाय. मी बदललाय."

"बदलून काय केलंस?"

"खऱ्यासारखा केला."

"दाखव की मग."

त्याने नवा उघडला. मधलं सगळं वगळून एकदम शेवटचं घरच लावलं, कारण घरांपैकी तेवढंच बांधून झालं होतं. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत येत होतं. उन्हात धूळ तरंगत होती. भिंतीचे पोपडे, कोयंड्याचा गंज, टेबलावर कपाच्या बुडाचा गोल डाग. सुरकुत्याने आजवर केलेल्या कामातलं हे सर्वांत चांगलं काम होतं, आणि हे त्याला ठाऊक होतं.

काकू खुर्चीत पुढे सरकल्या.

"तो खिडकीचा पडदा मोठा करता येईल?"

त्याने केला.

"हा मी शिवलाय. खालची टीप वाकडी गेली होती, उसवायचा कंटाळा केला. ही बघ, तशीच आहे." त्या वळल्या. "माझं घर तुला कुठे मिळालं?"

"फोटो होते. त्यावरून केलं." त्याला आपलाच आवाज लांबून येतोय असं वाटलं. "कंपनी असले फोटो विकत घेते. मला वाटलं तसलेच... सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये पडले होते. दोनशेच्या वर."

"विकत कसले? त्यानेच काढले. शेवटचा घरी आला होता तेव्हा, गेला त्याच्या आदल्या आठवड्यात. शनिवार-रविवार दोन्ही दिवस तेच. स्टुलावर चढून छताचे काय, पालथा पडून फरशीचे काय! म्हटलं, वेड लागलं का तुला? तर म्हणाला, ऑफिसात एक जण आहे, त्याला सगळं खरंखुरं लागतं. त्याच्यासाठी नेतोय."

सुरकुत्याने माऊस बाजूला सारला.

"रागात होता का, काकू?"

"रागात? छे. शिट्टी वाजवत होता." काकूंना ते आठवून क्षणभर बरं वाटलेलं दिसलं. "मी म्हटलं, माझा पण काढ एखादा. चांगली केस विंचरून बसले. तर म्हणतो, तुझा कशाला? तू मला पाठ आहेस."

पलीकडच्या टेबलावर कोणाचा तरी फोन वाजला आणि थांबला. काकूंनी सुरकुत्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आपणहून कळेवर बोट ठेवलं आणि घरात फिरू लागल्या. पुढची खोली. मागची खोली. स्वयंपाकघर. मशीनपाशी गेल्या, मशीनसमोर स्टूल होतं, स्टुलावर ऊन होतं.

"कोणी नाही का रे इथे?"

"माणसं अजून करायची राहिलीत," तो म्हणाला. "होतील. पुढच्या महिन्यात."

"सावकाश कर. घाई नाही." त्या पुन्हा पुढच्या खोलीत आल्या. बंद दारासमोर थोडं थांबल्या, मग परत आत वळल्या. "पण अगदी खरं झालंय हो. अगदी असंच असतं आता."

बसला अजून दीड तास होता. सुरकुत्या स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसला, आणि काकू एका बोटाने, जपून, या खोलीतून त्या खोलीत जात राहिल्या.